छत्रीने माणसं मोजणारे काका

आमच्या गावची ग्रामसभा चौकात, पिंपळाखाली भरते. तिथे हमखास भेटणारे एक काका आहेत. छत्रीच्या टोकाने ते एकेक माणूस मोजतात आणि मध्ये कोणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

परवाच्या सभेत लांजीला जाणाऱ्या सकाळच्या बसची मागणी मंजूर व्हायची होती. बस मिळाली नाही तर माझं कॉलेज सुटेल, आणि आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. म्हणून गावच्या रीतीप्रमाणे मी आदल्या दिवशीच घरोघरी फिरून सभेच्या हजेरी रजिस्टरवर सह्या घेतल्या होत्या, म्हणजे कोणी आलं नाही तरी हजेरी भरते.

काकांनी रजिस्टर पाहिलं. "सह्या एवढ्या, माणसं एवढीशी. काहून पोरी?"

"काका, सगळ्यांनी हौ म्हटलंय."

"हौ हाये तं चौकात येऊन म्हनू दे. तुही माय कुठं हाये?"

"भाऊ, जाऊ द्या ना," सरपंच वैतागून म्हणाले. काका उठलेच. दारोदार हाका मारत निघाले. मी रडकुंडीला आले.

तासाभराने ते दहाएक जणांना घेऊन परतले. सगळ्यांच्या मागे माझी आई होती, हाताला पीठ लागलेलं. ती या चौकात कधी बसलीच नव्हती.

तरीही कोरमला, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीला, चार माणसं कमी पडली आणि सभा पुढे ढकलली गेली. काकांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. आई मात्र रोज विचारते, "पुढची सभा कधी हाये? मले हात वर करायचा हाये."