भोपळ्यांवरची मोटार

गोदावरीच्या पाण्यावरून मोटारीनं माहेरी निघालेली माझ्यासारखी नटलेली बाई निजामाच्या अख्ख्या मुलखात झाली नसेल. आमच्या यांनी हौसेनं मोटार घेतली, पण माहेर पडलं पल्याड आणि नदीला पूल नव्हता. चकलांब्याकडं पोरं कमरेला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकतात. ते बघून यांनी गावातल्या मिस्त्रीचाचांकडून मोटारीला चहूबाजूंनी भोपळेच भोपळे बांधून घेतले.

"गाडीचे बैल आपसूक पवतेत की! बैलगाडी सोडून ही मोटार कावून?" मी चिडून विचारलं.

"तू बस गं!"

आणि मोटार तरंगली! इंजन पाण्यात शिरताच बंद पडलं, तरी हे ऐटीत हातातलं चाक फिरवत होते, भोंगा वाजवत होते. मी हसून हसून लोळत होते. मोटार भिंगरीसारखी गिरक्या घेत वळणापर्यंत वाहत गेली आणि काठाला टेकली.

"आलं बघ तुझं माहेर!"

मी डोळे पुसून पाहिलं. काठावर आमचीच मोडक्या शिंगाची म्हैस रवंथ करत उभी होती.

यांनी खाली उतरून तिचं शिंग चाचपलं. मग म्हणाले, "लई नवल हाय! तुझ्या माहेरची म्हैस बी मोडक्या शिंगाचीच हाय की!"