अर्ध्या तासाची पाटी

अश्वजितचं लग्नाच्या व्हिडिओचं दुकान बीबी गावात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच आहे. त्याची बायको मयुरी जळगाव जामोदला नर्स, आणि चार वर्षांची छकुली तिच्यापाशी. जिल्ह्याच्या एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला त्या. रविवारी तरी लेकीजवळ असावं, एवढंच त्याचं मागणं.

पण जुना कॉम्प्युटर त्याला उठू देत नसे. आमच्याकडे लग्नाच्या व्हिडिओत एकही आहेर गाळलेला चालत नाही. असा चार तासांचा व्हिडिओ तयार होऊन बाहेर पडायला अकरा तास लागत. मध्येच लाइट गेली आणि इन्व्हर्टरनं मान टाकली, की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून हा तिथंच खिळलेला. छकुलीनं फोनवर विचारलं की सांगायचा, मशीन हळू आहे बेटा.

शेवटी त्यानं प्रोसेसर बदलायचं ठरवलं आणि दोन महिने माझं डोकं खाल्लं. खामगावच्या दुकानदारानं त्याला दोन दाखवले. एकात कोर, म्हणजे काम करणारे हात, जास्त, पण ग्राफिक्स नाही. दुसऱ्यात कोर कमी, पण फक्त व्हिडिओचं काम करणारा वेगळा भाग आतच बसवलेला. अश्वजितनं गावातल्या पंजाबरावांच्या पोराच्या लग्नाचा एक तुकडा पेन ड्राइव्हवर नेला होता. तो दोन्हींवर चालवून बघितला. दुसऱ्यानं निम्म्याहून कमी वेळ घेतला, आणि चित्रात डोळ्यांना काही फरक दिसेना. तोच त्यानं मदरबोर्डसकट आणला, आणि अकरा तासांचं काम अर्ध्या तासावर आलं. निवडीला नावं ठेवायला मलाही जागा नव्हती.

मग या शहाण्यानं दुकानावर पाटी लावली, 'व्हिडिओ अर्ध्या तासात'. लावू नको म्हणून मी सांगितलं होतं, पण ऐकतो कोण? अकरा तास लागायचे तेव्हा बदल सांगायची कुणाची छाती होत नव्हती. आता रोज कुणीतरी दारात उभं. आत्याचा आहेर पुढे घे, मामाला जरा जास्त वेळ दाखव. याच्या तोंडातून 'नाही' निघत नाही. मला त्या लोकांचा राग येतो आणि त्याहून जास्त याचा येतो.

गेल्या शनिवारी दुपारी खांद्याला बॅग अडकवून तो शटर ओढत होता, तेवढ्यात पंजाबराव आले. व्हिडिओत व्याह्यांचा आहेर घाईत उरकलेला दिसतो म्हणून व्याही रुसले होते.

"अर्ध्या तासाचं तं काम हाय, बापू," ते म्हणाले.

अर्धा तास मशीनचा. शोधणं, कापणं, जोडणं मात्र अश्वजितनंच करायचं. त्यात दुपार गेली आणि एसटीही गेली. पंजाबराव पेन ड्राइव्ह घेऊन निघाले तसा छकुलीचा फोन आला. मी शेजारीच होतो, मला ऐकू आलं.

"बाबा, मशीन तं आता फास्ट झाली ना? मंग तुम्ही काऊन नाही येऊन राह्यले?"

अश्वजितनं एकदा मशीनकडे बघितलं. तिचं काम केव्हाच संपलं होतं.