भविष्यकाळापुरतं स्पॅनिश

माझा मुलगा स्पेनला राहतो. बायको तिथलीच. सहा वर्षांच्या नातीला मराठीतलं 'आजी' सोडून काही येत नाही. दर रविवारी दुपारी आम्ही दोघी फोनवर एकमेकींचं तोंड बघायचो आणि मधे मुलगा दुभाषी. आपल्याच नातीशी बोलायला मध्यस्थ लागतो, ही काय जिंदगी झाली? म्हणून "येत्या उन्हाळ्यात घेऊन येतो तिला, माय," असं तो म्हणाला, तेव्हा मी ठरवलं, पोरगी लातुरात पाय ठेवेल तेव्हा मी तिच्याशी स्वतः बोलणार.

मास्तरीण घरातच मिळाली. माझ्या वरच्या खोल्यांत डॉक्टरकीच्या क्लासला आलेल्या पोरी भाड्यानं राहतात. त्यातली कंधारची एक लई हुशार. तिनं मोबाइलवर धडे शोधून दिले आणि वर सल्लाही दिला. "काकू, अख्खा सिलॅबस करत बसू नका. पेपरला काय येणार ते बघा. नात येणार, म्हणजे पुढचंच बोलणं होणार. भविष्यकाळ तेवढा पक्का करा. अपवादाची क्रियापदं ऑप्शनला टाका."

मला पटलं. आमच्या गावात डॉक्टर असेच घडतात!

भविष्यकाळ सोपा निघाला. क्रियापद अख्खं ठेवायचं, मागं शेपूट लावायचं. कोमेर म्हणजे खाणं. कोमेरे, मी खाईन. कोमेरास, तू खाशील. कोमेरा, कोमेरेमोस, कोमेरेइस, कोमेरान. गाणं असो की राहणं, शेपटं तीच सहा. भाकरी थापता थापता मी पाढ्यासारखं म्हणायची.

"काय पुटपुटायलीस?" शेजारीण विचारायची.

"खाईन, खाशील."

"मग खा की बाई, कोण नको म्हणतंय!"

खरं सांगते, 'कोमेरेमोस'पाशी मी अडायची. आपण खाऊ. मालक जाऊन चार वर्षं झाली. पोरी मेसला जेवतात. एक भाकरी थापली की माझी चूल विझते. घरात 'आपण' म्हणावं असं कुणी नव्हतं, लई एकटं वाटायचं. तरी म्हणत राहायची, कारण आता कुणीतरी येणार होतं.

मार्च लागला तरी तिकिटाचं नाव नाही. विचारलं की, "बघतो, माय." मग एका रविवारी फोन लागताच मी नातीलाच धडाधडा सांगून टाकलं: कोमेरेमोस, कांतारेमोस, हुगारेमोस. आपण खाऊ, गाऊ, खेळू.

पोरीचे डोळे एवढे मोठे झाले! टाळ्या पिटल्या तिनं. मग भराभरा काहीतरी सांगत सुटली, शाळेत कोण पडलं, काल काय झालं, असलंच असणार. मला अक्षर कळेना. ते सगळं मी ऑप्शनला टाकलेलं. नुसती मान हलवत बसले, आणि स्वतःचाच असा राग आला म्हणता!

शेवटी ती थांबली आणि एकच शब्द विचारला. "क्वांदो?"

कधी? तेवढा शब्द मला येत होता.

मी मुलाकडं बघितलं. तो तिच्या मागंच उभा होता. त्यानं मान खाली घातली. तेव्हा कळलं मला, की ही माणसं येणार नाहीत आणि याला ते कधीचं ठाऊक आहे.

नात स्क्रीनला नाक लावून वाट बघत होती.

"तुझ्या बापाला विचार, बाई," मी म्हटलं, मराठीतच.

तिनं मागं वळून बापाचा हात ओढला, आजी काय म्हणाली ते सांग म्हणून. माझा शब्द न् शब्द तिला सांगणारा माझा मुलगा, तेवढं वाक्य मात्र त्यानं सांगितलं नाही.