मागच्या स्प्रिंगची सायकल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वहीत लिहितानाही हात थांबतो — चौथीपर्यंतच शिकले, अक्षर वाकडं येतं, म्हणून नव्हे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीचं माणूस समोर असतं तर मी मान खाली घातली असती, नेहमीसारखी.

नवरा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी मुलगी प्राजू. मी पायाच्या मशिनवर टॉवेलच्या कडा शिवते. मला चारचौघांत बोलता येत नाही. कारखान्यात गठ्ठा आणायला गेले तरी कुणी विचारेपर्यंत दारातच उभी राहते. माझं सगळं बोलणं प्राजूशी. ती दुसऱ्यांच्या सायकली मागून शर्यती जिंकायला लागली, तेव्हा मला आनंद झाला नाही का? झाला. मग एक दिवस तिचे सर म्हणाले, तुळजापूरच्या घाटाजवळ मातीच्या चढावर निवड आहे, पहिल्या तिघी पुण्याला जातील, तिथंच राहून शिकतील. त्या दिवसापासून मी — कसं सांगू — जेवायला दोन ताटं मांडताना दुसऱ्या ताटाकडं बघत राहायची.

तिला स्वतःची सायकल घ्यायचं ठरलं. तिची बारावीची परीक्षा चालू होती, म्हणून दुकानात मी गेले. निघताना तिनं तीनदा बजावलं, "आई, फक्त पुढं स्प्रिंग असलेली आण. मागं नको."

दुकानदार भला माणूस. त्यानं दोन सायकली पुढं ओढल्या. किंमत जवळपास सारखीच.

"पोरीला चढ चढायचाय नव्हं, मावशी? मग ही घ्या, मागं स्प्रिंग नसलेली. ती दुसरी दिसायला लई भारी, पोरं तिच्यावरच भाळत्यात. पण चढावर पाय मारला की खाली बसती. निम्मा जोर स्प्रिंगच खाती. जड बी हाय."

मला कळलं नसेल, असं तुम्हाला वाटेल. सगळ्यांना तसंच वाटलं. पण वीस वर्षं मी पायानं मशिन चालवते. पट्टा सैल पडला की पाय हलत राहतो आणि सुई जागची हलत नाही. ते मला कुणी शिकवायला नको. मी दोन्ही सायकलींच्या सीटवर हात दाबून पाहिला. एक तशीच राहिली. दुसरी माझ्या हाताखाली मऊ खाली गेली.

"ही द्या," मी म्हणाले.

"आवो, आत्ताच सांगितलं की—"

"हीच."

इतकं ठाम मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

घरी सांगितलं, तू म्हणत होतीस ती संपली होती. प्राजूनं सीट दाबून पाहिली. मग म्हणाली, "बदलून मिळंल का?" मी म्हणाले, दुकानदार नाही म्हणतो. हेही खोटं. पहिल्यापेक्षा हे पटकन तोंडातून आलं.

निवडीच्या दिवशी मीही गेले. वरच्या वळणावर उभी होते. ती सीटवरून उठून पायडल मारत होती, आणि प्रत्येक वेळी सायकल खाली बसायची, पुढं यायची नाही. एकेक मुलगी तिला मागं टाकून गेली. ती सातवी आली. सर चिडले, "ही कसली सायकल आणलीस?"

"आईला काय कळतंय सर त्यातलं," ती म्हणाली. "तिला नका बोलू."

तोवर मीही तिथं पोचले होते, दोन पावलांवर. मी काय केलं? काही न कळणाऱ्या बाईसारखं तोंड केलं आणि उभी राहिले.

ती पुण्याला गेली नाही. आता माझ्या शेजारच्या मशिनवर बसते. मला हवं होतं तसंच झालं, नाही का? पण ती बोलायला लागली की मला वाटतं, आता विषय सायकलीवर येईल — आणि मी मशिन जोरात चालवते. हळूहळू तिनं बोलणं कमी केलं. एका खोलीत दोघी आहोत, आणि घरात कुणी नसल्यासारखं वाटतं.

गेल्या खंडेनवमीला आम्ही मशिनं पुसून मांडली. प्राजूनं सायकलही धुऊन आणली. तिला झेंडूचा हार घातला.

शेजारची सुनंदा म्हणाली, "चाकात हवा न्हाय, आन् पूजा कसली करतीस गं? भंगारात घाल की."

"आसू दे काकू, आईनं आणलीय," प्राजू म्हणाली. "सायकल चांगलीच हाय. माझ्यातच दम नव्हता."

ती हसत म्हणाली. मला टोमणा म्हणून नव्हे. तिला खरंच तसं वाटतं. इतकी वर्षं तसंच वाटत आलं आहे.

कुंकवाची वाटी माझ्या हातात होती. दोघी माझ्याकडं बघत होत्या, कुंकू लावायचं राहिलं होतं म्हणून. मी वाकले आणि सायकलीला कुंकू लावलं.