दुधात भिजवलेला केक

केक हा शब्द आमच्या अकोल्याच्या घरात आणला तो माझ्या यजमानांनी. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे त्यांना ते आठवेनासं झालं.

तेव्हा तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता तो भाव. भिक्षुकाच्या घरातले असूनही यजमान कापूस घेणाऱ्या एका साहेबाकडे कारकून लागले. बंगल्याच्या ओसरीवर लिहीत बसलं की आतून काहीतरी गोड भाजल्याचा वास यायचा म्हणे. माजघरात कोणी नसलं की मला त्याचं वर्णन ऐकवायचे. खानसाम्याला विचारून कृतीसुद्धा आणली. एकदा अमरावतीच्या बाजारातून काबुली व्यापाऱ्याकडची सहा सफरचंदं घेऊन आले आणि म्हणाले, "आपल्या घरी जमन काय तुले?"

न जमायला काय झालं? सोळा वर्षांची होते, पण स्वयंपाकात माझा हात धरणारं त्या आळीत कोणी नव्हतं.

अंडी तर नकोतच. कणकेत तूप, साखर, दही आणि चिमूटभर पापडखार घातला आणि पाण्याचा थेंब न लावता सगळं दुधात भिजवलं. ते मुद्दाम. माझे सासरे, मामंजी, परगावी पूजेला जाताना दुधातल्या दशम्या फडक्यात बांधून नेत आणि कुठेही बसून खात. पाण्याचा स्पर्श नाही म्हणून विटाळ नाही, असा त्यांचाच नियम. सफरचंदाच्या फोडी तुपावर परतून वर रचल्या. कढईच्या तळाशी पळसाची पानं, खाली मंद निखारे, झाकणावरही निखारे, पानगे भाजतात तसंच. भर दुपारी, अंगणातल्या चुलीवर केला. लपवण्यासारखं मी काही करत नव्हते.

वास आळीभर गेला. सासूबाई आल्या, झाकण उचललं आणि आतलं फुगलेलं बघून मागे सरल्या.

"पाव भाजून राहिली तू?" पाव खाल्ला की धर्म बुडाला, हे तेव्हा लहान पोरालाही ठाऊक. "आजपासून माह्या चुलीले हात लावू नको."

भिक्षुकाच्या घरात जिच्या हातचं चालत नाही तिच्या वाट्याला शेणगोठा आणि खरकटी भांडी. ते मला कोणी समजावून सांगायला नको होतं. मामंजी पूजेवरून उठून आले. सासऱ्यांसमोर सून तोंड उघडत नसे. मी उघडलं.

"दशमी चालते, मग हे काहून नाही चालत? पान्याचा थेंब नाही याच्यात. दुधात भिजोलं."

मामंजी नियमाचे पक्के, पण खोटे नव्हते. वाकून कढईत पाहिलं. "दुधातलं आहे. दोष नाही," म्हणाले. मग सासूबाईंच्या चेहऱ्याकडे नजर गेली आणि मला म्हणाले, "तरी चुकलं म्हन. घरात शांतता राहीन."

दोष नाही आणि तरी चुकलं म्हणायचं. माझं डोकं सणकलं. "चुकलंच नाही तर काहून म्हनू?"

"हे खूळ तुले कोनं दिलं?" सासूबाईंनी विचारलं.

यजमान दारातच उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. 'मी सांगितलं', एवढंच म्हणायचं होतं.

"मले काई ठाऊक नाही," ते म्हणाले आणि पागोटं नीट करू लागले.

मी केकचा तुकडा कापला आणि सगळ्यांदेखत त्यांच्यापुढे धरला. "घ्या. तुमीच आनली होती ना सफरचंदं?"

त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. तोवर मला त्यांचा धाक वाटायचा. त्या दुपारी कीव आली, आणि कीव फार वाईट. धाक पुन्हा कधी वाटला नाही.

पुढे वर्षभर मला चूल मिळाली नाही. गोठा काढला, भांडी घासली, पण चुकलं हा शब्द माझ्या तोंडून कोणाला काढता आला नाही. त्या दुपारी मात्र मी अंगणात पाट मांडला, त्यावर बसले आणि तो तुकडा खाल्ला. मग दुसरा घेतला. केक उत्तम झाला होता. तसं म्हणणारं त्या घरात कोणी नव्हतं, म्हणून मीच म्हटलं, माजघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.