दोनदा वाजलं की थांबायचं

बाबांनी आईचं मनगट मोडलं ते वल्ह्याने. भात कच्चा राहिला, एवढंच निमित्त. हाड मोडल्याचा आवाज मी ओसरीतून ऐकला आणि कुणीतरी चुलीसाठी काटकी मोडली असं समजले. त्याआधी ताटं भिरकावून झाली होती, शेजारणीच्या अंगावर उकळता चहा फेकून झाला होता. आयुष्यभर झाईच्या किनाऱ्यावरून होडी नेणारा, घरात कधी आवाज न चढवणारा हा माणूस.

मी शाळेत शिकवते, पुस्तकं वाचते. मला वाटलं, हा स्मृतिभ्रंश. डहाणूच्या एका दवाखान्यात त्यांची छोटी चाचणी झाली.

"काका, आज तारीख काय?"

"अष्टमी. भांगाचं पाणी. आज समुद्राला जोर नाय, जाळ्यात काय गावायचं नाय."

तपासणाऱ्या बाई फुली मारणार, तेवढ्यात मी मध्ये पडले. आमच्याकडे दिवस भरती-ओहोटीवर मोजतात, असं मी म्हणाले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात अष्टमी दाखवली. बाईंनी गुण दिले. बाकीची उत्तरंही बाबांनी चोख दिली. कागदावर 'स्मरणशक्ती उत्तम' असा शेरा आला आणि तो मी मिरवत घरी नेला.

भावाने तो वाचला. "डोकं शाबूत आहे? मग हा माज आहे."

त्याने तेच वल्हं उचललं. पहिला फटका गुडघ्यावर, दुसरा पाठीवर. बाबा खाली बसले तेव्हा तिसरा तोंडावर. "अष्टमी कळते? आणि बायको कळत नाय?" प्रत्येक फटक्याला तो हेच विचारत होता. दोन दात शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडले. आई प्लास्टरचा हात मध्ये घालत होती. "सोड रे, मेला तो!" मी कागद हातात धरून उभी होते. ओरडले नाही. मला त्या क्षणी भावाचं पटत होतं.

बाबांचा हात तरीही चालूच राहिला. आता ते जवळ येईल त्याला मारायचे. शेवटी आम्ही त्यांना तलासरीच्या एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तारीख विचारलीच नाही.

"मी टेबल एकदा वाजवलं की तुम्ही एकदा वाजवा. मी दोनदा वाजवलं की गप्प बसायचं. सांगा बघू, काय करायचं?"

"दोनदा वाजलं की थांबायचं," बाबा म्हणाले.

टक. बाबांनी वाजवलं. टक टक. बाबांनी वाजवलं. "थांबायचं, थांबायचं," असं तोंडाने म्हणत ते वाजवत राहिले. शेवटी बोटाची कातडी सोलली, टेबलावर रक्ताचे ठिपके पडले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांचा हात धरला. बाबांनी दुसऱ्या हाताने त्यांच्या कानाखाली लगावली आणि लगेच म्हणाले, "माफ करा, साहेब."

डॉक्टरांनी चष्मा उचलला. "मेंदूचा पुढचा भाग झिजतोय. आठवण शाबूत आहे. नियमही ठाऊक आहे. हात थांबत नाही."

"म्हणजे मला मारताना त्यांना कळत होतं?" आईने विचारलं.

"कळत होतं."

बसमध्ये तिने पदर तोंडात कोंबला होता. भाऊ पुढच्या सीटवर बसला होता, त्याने मागे पाहिलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले. तेराव्यानंतर घर रिकामं झालं, तसा भाऊ माझ्यासमोर पाटावर बसला.

"माझी घे."

"काय घेऊ?"

"ती. टकटकवाली."

मी पाटावर एकदा वाजवलं. त्याने एकदा वाजवलं. मी दोनदा वाजवलं. त्याचा हात मांडीवर निश्चल राहिला. मी क्रम बदलला, वेग वाढवला, फसवायला गेले. वीस वेळा झालं. एकदाही चुकला नाही.

"थांबतो गं माझा हात," तो म्हणाला आणि त्या हाताकडे बघत बसला.

मी पाट उचलून भिंतीला लावला. माझी चाचणी घ्यायला मी त्याला सांगितलं नाही.