पहिल्या मताचा मान

आमच्याकडे पहिल्या मतदाराला मतपेटी उघडून, रिकामी असल्याचं दाखवतात. त्या मानासाठी मच्छीमार तोकुजी वीस वर्षं अंधारात उठला, पण शेजारची हात्सुए दर वेळी मतदान केंद्राच्या दारात आधीच उभी. "काय तोकुजी, आजही डोळा लागला वाटतं?" असं चिडवायची.

त्सुनामीनं गाव नेलं, तिलाही नेलं. प्रेत सापडलं नाही, म्हणून मतदारयादीत तिचं नाव तसंच राहिलं. निम्मं गाव परगावी पांगलेलं, आणि वरच्यांना निवडणुकीची घाई! मी पत्र्याच्या छावणीत पेटी मांडून बसलो. तोकुजी मुद्दाम उशिरा आला, तरी पहिलाच.

"बघा तोकुजीकाका, रिकामी आहे ना?"

त्यानं पेटीकडे पाहिलंच नाही.

"यादीत नाव आहे ना तिचं?" तो माझ्यावर खेकसला. "मग थांब की जरा!"